सनदची आई

मला उम्म फव्वाज म्हणतात, म्हणजे फव्वाजची आई. माझं स्वतःचंही एक नाव आहे, चांगलं भारदस्त आहे, पण ते घेणारे आईबाप गेले, नवरा गेला, आणि आता ते फक्त ओळखपत्रावर उरलंय. आमच्या सल्तमध्ये, इथं जॉर्डनच्या डोंगरात, बाईला पहिलं पोर झालं की तिचं नाव बाजूला पडतं आणि पोराचं पुढे येतं. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. उलट जिला उतारवयातही तिच्याच नावानं हाक मारावी लागते, तिच्याशी बोलताना आम्ही बायका आवाज जरा खाली आणतो, आजाऱ्याशी बोलतात तसा.

इतिदालशी सगळी आळी असंच बोलायची.

तिचं दार माझ्या दारासमोर, मध्ये फक्त दगडी पायऱ्या. इतिदाल म्हणजे संयम, नेमस्तपणा. तिच्या बापाला जन्नत मिळो, पण इतकं चुकलेलं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. मुलींच्या शाळेत ती शिवण शिकवायची आणि तिच्या वर्गात सुई खाली पडली तरी मुली श्वास रोखून बसायच्या. आई अंथरुणाला खिळलेली, पाठचे भाऊ लहान. त्यांची शिक्षणं, त्यांची लग्नं, सगळं उरकून तिनं मान वर केली तेव्हा तिला मागणी घालून गेलेले आजोबा झाले होते. भाऊ आता अम्मानला असतात. ईदला येतात, मिठाईचा डबा हातात देतात, आणि तेवढा वेळ खाली गाडी चालूच ठेवतात.

लग्नात, मयताला, कुठंही बायका गोल करून बसल्या की ओळखी सुरू होतात. मी उम्म नासिर, मी उम्म फव्वाज, मी उम्म सुहैब. फेरा इतिदालपाशी आला की ती ताठ मानेनं सांगायची, "मी इतिदाल." की लगेच कुणीतरी शहाणी म्हणायची, "अल्ला तुला मोबदला देईल गं." एकदा तिनं तिथल्या तिथं विचारलं, "कशाचा?" सगळ्याजणी समोरच्या खजुरांकडे बघायला लागल्या.

अशा बाईच्या गळ्यात पोर पडलं ते वरच्या मजल्यावरचं. रताज तिचं नाव, वय पाच. बाप दोह्याला विजेच्या तारा ओढायच्या कामावर, आई औषधांच्या दुकानात. शनिवारी शाळेला सुट्टी, पण औषधांचं दुकान चालू. पोरीला ठेवायचं कुठं? आधी माझ्याकडे ठेवत. पण ती पोर बोलते फार आणि मला दुपारी पडायची सवय. शेवटी एका शनिवारी तिच्या आईनं घाबरत घाबरत समोरचं दार वाजवलं.

"माझ्याकडे खेळणी नाहीत," इतिदाल पोरीला म्हणाली. "कचरा आहे. चालेल?"

"कुठला कचरा?" रताजनं विचारलं. बस, जमलं दोघींचं.

अंड्यांचा ट्रे, साबणाची रिकामी कॅन, टिश्यूचे खोके, दह्याचे डबे. इतिदालनं कधी काही टाकून दिलेलं नव्हतं. अंगणात सतरंजी टाकून तिनं सगळा पसारा मांडला. मग पातेल्यात पीठ घेतलं, पाणी घातलं आणि चुलीवर ढवळायला लागली. मी आपल्या दारातून बघत होते. मला वाटलं पोरीला काही खायला करतेय. तर तिनं त्यात कागद बुडवला!

"अगं ए, पीठ आहे ते!" मी ओरडले. "अल्लाची देणगी, आणि कागदाला फासतेस? रस्त्यात पावाचा तुकडा दिसला तर उचलून कपाळाला लावतो आपण!"

"किडे झालेत यात, उम्म फव्वाज. किड्यांनी खाल्लं तर देणगी आणि पोरीनं हात घातला तर पाप? ये, चाळून देते, घरी घेऊन जा."

मी गेले नाही. पण दारही लावून घेतलं नाही.

कागदाची तर वेगळीच पंचाईत होती. छापील कागद असा सरळ फाडता येत नाही. बातमीत, मयताच्या जाहिरातीत, अहो माणसांच्या नावातसुद्धा अल्लाचं नाव असतं, अब्दुल्ला आला की आलंच ते. पोरांना वाचता कुठं येतं? ती टराटरा फाडणार आणि खळीत बुडवणार. म्हणून इतिदाल आधी चष्मा लावून एकेक पान बघायची आणि नाव दिसलं की तेवढं कापून वेगळं ठेवायची. पुढच्या शनिवारची तयारी करता करता तिचा आठवडा संपायचा. शेवटी तोड काढली ती खालच्या अबू सुहैब किराणेवाल्यानं. मोठ्या दुकानांच्या जाहिरातींची पत्रकं येतात ना, गुळगुळीत, रंगीत, त्यांचा गठ्ठाच त्यानं आणून टाकला.

"घे सित्त इतिदाल," तो म्हणाला; शाळेतल्या बाईंना सित्त म्हणतात आमच्यात. " यात अल्लाचं नाव औषधालाही नाही. कोंबडी आणि साबण. माझी गिऱ्हाइकं पळवतात मेले, फाड त्यांना. माझ्यातर्फेही दोन फाड."

गठ्ठ्याबरोबर त्याची नातवंडंही आली. मुहन्नद, सहा वर्षांचा, प्रत्येक गोष्टीत भांडणारा. आणि तैम, चार वर्षांचा, जो काहीच बोलायचा नाही आणि खळ चाटायचा. आता शनिवार म्हटला की समोरच्या अंगणात नुसता गोंधळ. मासे झाले, एक मांजर झालं, एक कोंबडी झाली जिच्या पोटावर कोंबडीचंच चित्र आलं होतं. पट्ट्या फाडायच्या, खळीत बुडवायच्या, दोन बोटांनी निथळायच्या, एकावर एक उलटसुलट चिकटवायच्या, उन्हात वाळवायच्या, मग परत थर. इतिदाल शाळेत ओरडायची तशीच ओरडायची, "सुरकुती! सुरकुती काढ! आणि तू, जीभ आत!" पण पोरांना तिची भीती कशी ती वाटतच नव्हती. तिलाही ते हळूहळू कळलं असावं, कारण मग ती नुसतीच सवय म्हणून ओरडायची.

एकदा पट्ट्या फाडता फाडता रताजनं विचारलं, "मावशी, तू उम्म कोण?"

"कोणीच नाही."

"असं कसं? समोरची म्हातारी उम्म फव्वाज आहे."

म्हातारी म्हणजे मी. असो.

"सगळ्या असतातच असं नाही," इतिदाल म्हणाली आणि पातेलं उचलून आत गेली. अजून अर्धं भरलेलं होतं ते.

मग त्यांनी मोठा प्राणी करायला घेतला. साबणाच्या कॅनचं पोट. पाठीवर अंड्यांचा ट्रे उपडा, म्हणजे उंटासारखी उंचवट्यांची रांगच. टिश्यूच्या गुंडाळीतल्या नळ्यांचे पाय, दह्याच्या डब्याचं डोकं, बाटल्यांच्या झाकणांचे डोळे, एक लाल आणि एक निळा. दात पिस्त्याच्या टरफलांचे. तो ना उंट होता, ना गाढव, ना कुणी राक्षस. पाय मुहन्नदनं लावले होते आणि एक आखूड होता, पण तसं म्हणायची कुणाची टाप? ओला ट्रे जड झाला आणि प्राणी नाकावर जायला लागला.

"सनद!" इतिदाल ओरडली. दोन्ही हात खळीनं भरलेले, प्राणी कसाबसा धरलेला. "सनद द्या त्याला! सनद आणा कुणीतरी!"

सनद म्हणजे टेकू, आधार. मुलग्याचं नावही ठेवतात ते, म्हातारपणी टेकू होईल या आशेनं. माझ्या ओळखीतले सगळे सनद परदेशात आहेत.

मुहन्नदनं लाकडी चमचा आणून पोटाखाली लावला. प्राणी उभा राहिला. रताज त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या निळ्या डोळ्यात बघून म्हणाली, "सनद. याचं नाव सनद आहे."

"नाव नाही गं, चमच्याला म्हणाले मी."

"नाही. तू त्याला हाक मारलीस. मी ऐकलं." मग तिनं जरा विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "मग तू उम्म सनद!"

तैम कधी बोलत नाही म्हटलं ना? तो टाळ्या पिटत ओरडला, "उम्म सनद, उम्म सनद!"

इतिदाल पाण्याची टाकी भरली का बघते म्हणून उठली. टाकी गच्चीवर आहे. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी माझ्या उंबऱ्यावर बसले होते. 

दुसऱ्या दिवशी ती पाव आणायला खाली उतरली. अबू सुहैबला नातवंडांनी सगळं सांगितलेलं होतंच आणि त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"या या, उम्म सनद! काय म्हणतोय मुलगा? कुठल्या शाळेत घालणार?"

मी मागेच होते. मला वाटलं आता हा मरतो. पण इतिदाल शांतपणे पाव मोजत म्हणाली, "कुठंही घालीन. तुझ्या दुकानात तेवढा पाठवणार नाही. वजनात मारायला शिकेल."

झालं, नाव चिकटलं. आधी थट्टेत, मग सवयीनं. गॅसवाला, पाण्याचा टँकरवाला, वरच्या मजल्यावरच्या बायका. नव्यानं राहायला आलेल्यांना तर दुसरं नाव माहीतच नव्हतं. सनद तिच्या शिवणयंत्रावर उभा असायचा, खिडकीपाशी, पोटाखाली अजून चमचा. वर धुळीसाठी पातळ फडकं. समोरून मला तिचा आवाज ऐकू यायचा, "सरक रे, उजेड अडवतोस," किंवा "बघ, परत कान सुटला तुझा." निवृत्त झाल्यापासून तिला रागवायला कुणी नव्हतं. आता होतं.

अबू सुहैबच्या धाकट्या मुलीच्या लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. नवऱ्याकडच्या बायका इर्बिदच्या, आम्हाला अनोळखी. ओळखींचा फेरा सुरू झाला. माझं झालं. मी इतिदालकडे बघायचं टाळलं.

"मी उम्म सनद," ती म्हणाली.

"माशाल्ला! केवढा आहे मुलगा?" इर्बिदवाली.

"लहान आहे अजून."

"काय करतो?"

"नीट उभं राहायला शिकतोय."

मी तोंडात रुमाल कोंबला. त्या बाईनं मान डोलावली, तिच्याही मुलाचं तसंच होतं म्हणाली, आणि पुढं गेली. घरी परतताना पायऱ्या चढता चढता इतिदाल थांबली.

"हसू नकोस."

"मी कुठं हसतेय?"

"आज पहिल्यांदाच कुणी मला मोबदला देऊ केला नाही," ती म्हणाली.

हे असं चाललं होतं आणि चालत राहिलं असतं. पण रताजच्या बापाला कुटुंबाचा व्हिसा मिळाला. चांगलीच गोष्ट की. पोरीला बाप मिळणार, बाईला नवरा मिळणार. मी मिठाई वाटली. इतिदालनंही तोंड गोड केलं, अगदी मनापासून केलं, कारण पुढचं तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढच्या शनिवारी रताजनं जाहीर केलं, "सनद माझ्याबरोबर येणार. मी त्याला खिडकीत बसवणार विमानात."

"सनद कुठंही जाणार नाही," इतिदाल म्हणाली.

"तो माझा आहे. पोट मी केलं, डोळे मी केले."

"पाय माझे आहेत," मुहन्नद म्हणाला.

"पाय वाकडे आहेत. मावशीनं काय केलं? मावशी फक्त खळ शिजवते."

"खळीशिवाय काय तुझ्या थुंकीनं चिकटला असता तो?" इतिदालचा आवाज चढला. तो शाळेतला आवाज होता, खरा, सवयीचा नव्हे. "पोट केलं म्हणे! आणि रोज त्याची धूळ कोण पुसतं? कान कोण लावतं? हा या घरातला आहे. इथंच राहील. कळलं?"

रताजची आई तेवढ्यात कामावरून आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सोड गं बेटा, तिकडे बाबा नवीन खेळणी घेणार आहेत," वगैरे वगैरे. रताज रडली नाही. पाच वर्षांची पोर, तिनं हात सतरंजीला पुसले आणि उठली.

"मग तू एकटीच खेळ," ती म्हणाली.

त्यानंतरच्या शनिवारी कुणी आलं नाही. रताज आली नाही म्हणून मुहन्नद आला नाही, मुहन्नद आला नाही म्हणून तैम नाही. इतिदालनं सतरंजी टाकली होती, खळ शिजवली होती. बसून राहिली. खळीवर साय धरली. मी दोनदा दारात येऊन गेले, ती तशीच. मग तिनं एकटीनंच काम सुरू केलं. चांगले दोनतीन दिवस खपून तिनं एक गाढव केलं. काय गाढव होतं! चारी पाय सारखे, कान ताठ, पाठीवर रंगीत झूल, एक सुरकुती दिसेल तर शपथ. टेकूबिकू काही नको. ते घेऊन तिनं रताजला पायऱ्यांवर गाठलं.

"हे तुझ्यासाठी. दोह्याला ने."

रताजनं गाढव नीट बघितलं, सगळ्या बाजूंनी. तिला कुणी वळण लावलं होतं की काय, पण ती अगदी मोठ्या बाईसारखी म्हणाली, "छान आहे. गाढव आहे."

"मग? आवडलं ना?"

"सनद गाढव नाही."

"सनद कोण आहे मग?"

"सनद सनद आहे," रताज म्हणाली आणि वर निघून गेली. गाढव तैमला मिळालं. त्यानं आधी ते चाटून बघितलं.

त्या संध्याकाळी मी समोर गेले. इतिदाल दिवा न लावता बसली होती. सनद यंत्रावर, लाल डोळा माझ्याकडे.

"इतकं काय गं त्या कागदात?" मी म्हणाले.

"तुला नाही कळायचं."

"सांगून तर बघ."

"तो गेला की संपलं. परत सित्त इतिदाल. परत अल्ला तुला मोबदला देईल." तिनं नाक पुसलं. "पोरीचं बरोबर आहे. मला दिसत नाही असं नाही. पण मी आयुष्यभर सगळ्यांना सगळं देत आलेय, उम्म फव्वाज. हे एक नाही द्यायचं मला."

मला राग आला. तिचा नव्हे, कशाचा ते सांगता येत नाही. "माझा फव्वाज कुवेतला गेला तेव्हा माझं नाव बॅगेत घालून घेऊन गेला का? धाकटा अदीब कॅनडात आहे, बर्फात. मी अजून उम्म फव्वाजच आहे ना? पोरगं जवळ असलं तरच आई म्हणायचं, तर या पायऱ्यांवर तुला एक आई सापडायची नाही."

ती सनदचा सुटलेला कान दाबत बसली.

"फव्वाज शुक्रवारी फोन करतो," मी बोलत सुटले. "चेहरा दिसेल असा फोन करतो, मला दिसावा म्हणून. मग फोन टेबलावर ठेवतो आणि जेवायला लागतो. मी त्याच्या घरच्या छताशी बोलते. त्याच्या छताला कुठं तडा गेलाय ते मला पाठ आहे. आणि तरी शुक्रवारी मी सकाळपासून नवी ओढणी घेऊन बसते."

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिनं दिवा लावला, सेजची पानं घालून चहा ठेवला, आणि आम्ही दोघी दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोललो.

ते निघाले त्या सकाळी खाली टॅक्सी येऊन उभी होती. अबू सुहैब बॅगा उतरवत होता आणि प्रत्येक बॅगेला शिव्या देत होता. रताज नवे बूट घालून पायऱ्यांवर उभी, समोरच्या दाराकडे पाठ करून. दार उघडलं. इतिदाल बाहेर आली ती टोमॅटोच्या डब्यांचा मोठा खोका छातीशी धरून. खोक्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडलेली.

"भोकं कशाला?" मुहन्नद.

"श्वास घ्यायला. अक्कल नाही तुला?" रताज म्हणाली. तिनं खोक्याकडे बघितलं आणि मग इतिदालकडे, आणि काही विचारायची तिची हिंमत होईना.

"घे," इतिदाल म्हणाली. "आणि ऐक. पाण्याजवळ ठेवायचा नाही. तिकडे हवा दमट असते, खिडकी लावून घ्यायची. पाठीवर कुणाला बसू द्यायचं नाही. कान सुटला तर आईला पिठाची खळ करायला सांग, चिमूटभर मीठ घालून. चमचा आत आहे, तो लावल्याशिवाय उभा करायचा नाही. बरोबर थोडा ज़अतर दिलाय, पावाला लावायला."

"सनद ज़अतर खातो?"

"तू खातेस ना. तू खा, तो बघेल."

मी जाणाऱ्याच्या पिशवीत काय काय कोंबतात ते चांगलं ओळखते. मीही दोनदा कोंबलंय.

रताजनं खोका धरला. तिचे हात पुरेनात, हनुवटी वर टेकवून तिनं तो पेलला. मग तिथूनच म्हणाली, "मावशी, तू पण चल ना."

"मी कशी येऊ? आया मागे राहतात."

रताजनं वळून आपल्या आईकडे बघितलं. ती पासपोर्ट घेऊन उभी होती. "माझी आई तर येतेय."

  इतिदालनं खाली वाकून खोक्याची सुतळी ओढून घट्ट केली. ती आधीच घट्ट होती.

टॅक्सी गेली. पोरं टॅक्सीमागे वळणापर्यंत धावली. इतिदाल आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. दुपारभर ते उघडलं नाही.

आमच्यात कुणाचा मुलगा परदेशी निघाला की त्या दुपारी शेजारणी त्या घरी जातात. कॉफी आपणच करून न्यायची असते, त्या बाईला चुलीपाशी उभं राहू द्यायचं नसतं. मी वेलदोडे घालून कॉफी केली, थर्मासात भरली आणि मग दारातच थांबले. लोक हसतील असं वाटलं. कागदाचा प्राणी! तेवढ्यात किराणेवाल्याची बायको उम्म सुहैब धापा टाकत पायऱ्या चढून आली. तिच्याही हातात थर्मास. मागे वरच्या मजल्यावरच्या दोघी. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी दार वाजवलं.

आम्ही गोल करून बसलो. शिवणयंत्रावर फडकं होतं, घडी घातलेलं. उम्म सुहैबनं घसा साफ केला आणि म्हणाली, "अल्ला त्याला सुखरूप परत आणो, उम्म सनद."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती.

"तुमच्या सगळ्यांची पोरंही सुखरूप परत येवोत," इतिदाल म्हणाली, जसं म्हणतात तसंच, एक शब्द न चुकता. तिला हे सगळं पाठ होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी बसून ऐकलं होतं.

बाकीच्या उठल्या, मी मागे राहिले. तिचे डोळे कोरडे होते. ती यंत्राकडे बघत होती.

"लोक मला विचारायचे, घरात एकटी कशी राहतेस," ती म्हणाली. "मला खरंच कळायचं नाही काय विचारतात. राहते तशी राहते. घरात कुणी नव्हतं, बस. आज पहिल्यांदा कुणीतरी नाहीये." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुला किती दिवसांनी सवय झाली, उम्म फव्वाज?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मला ते जमलं नाही. मी थर्मास उचलला आणि तिचा कप परत भरला.